मागच्या सीटवरचे कान

मी मागच्या सीटवर बसले होते. मांडीवर सीट कव्हरचा तुकडा, हातात दाभण, आणि पुढं स्टेअरिंगमागं हे. चारी काचा वर, दारं बंद, गाणं चालू. गाडी इचलकरंजीच्या उपाध्यांची. सकाळपासून ह्यांनी तिची पुढची दोन्ही दारं उघडून आतली भोकं बुजवली होती, पत्र्यावर डांबराच्या जाड पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि नवे स्पीकर बसवून पॅनेल परत लावली होती. आता ऐकून बघायचं तेवढं राहिलं होतं. ह्यांनी उजवा तळहात दारावर सपाट टेकवला, डोळे मिटले आणि ऐकू लागले.

आणि मला कळलं, गाडीत बेस नाहीच.

थोडाथोडका कमी असता तर मीही मनाची समजूत घातली असती. पण नव्हताच. ढोलकी वाजत होती ती पत्र्याच्या डब्यावर थाप मारल्यासारखी. गाणाऱ्याचा आवाज समोरून यायचा सोडून डोक्याच्या मागून कुठून तरी येत होता. असं कशानं होतं ते मला पाठ होतं. एका दाराच्या स्पीकरला वायरी उलट्या लागल्या होत्या, प्लसच्या जागी मायनस. मग एक स्पीकर हवा पुढं ढकलतो तेव्हाच दुसरा मागं ओढतो, आणि दोघं मिळून बेस खाऊन टाकतात. एकेकटा वाजवून बघा, दोन्ही ठणठणीत. दारंसुद्धा दोन्ही नीट हादरतात. म्हणजे दारावर टेकवलेल्या हाताला सगळं ठीकच लागणार. चूक फक्त कानाला कळते.

ह्यांच्या कानाला ती कळत नव्हती. माझ्या कानाला कळत होती. माझा गुडघा ह्यांच्या सीटच्या पाठीला टेकलेला होता, आणि तो एकदा पुढं दाबायचा, एवढंच काम होतं.

मी दाबला नाही.

का नाही, ते सांगायचं तर थोडं मागं जायला लागेल. मी त्रिशला मगदूम. जयसिंगपुरात सांगली-कोल्हापूर रस्त्याला आमचं दुकान. ह्यांचं नाव शीतल. आमच्या जैनांत ते पुरुषांचंच नाव, पण लांबची गिऱ्हाईकं फोनवर मॅडम म्हणायची आणि हे मुद्दाम घोगरा आवाज काढून "बोला" म्हणायचे. दुकानात मी सीट कव्हर शिवायची आणि हे गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवायचे. दोघंच. एक मुलगी, ती निपाणीला दिलेली.

लग्न झालं तेव्हा बेस म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, जोरात वाजतं ते चांगलं. ह्यांनी पहिल्या महिन्यातच मला एका गाडीत बसवलं आणि समजावून सांगितलं. लोक डिकीत हा एवढा डबा ठेवतात आणि बेस आला म्हणतात, पण खरा डबा म्हणजे गाडीचं दारच. दाराला आतून भोकं असतात, तिथून मागची हवा पुढं येते आणि बेस मरतो. भोकं बंद कर, पत्रा जड कर, तोच स्पीकर दुप्पट बोलेल. हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा, की मी तेविसाव्या वर्षी त्या चेहऱ्यावरच भुलले म्हणा. बेस माझ्या डोक्यात नंतर शिरला.

नाव मात्र खरोखर झालं. कोल्हापूर, चिकोडी, तासगाव, कुठनं कुठनं गाड्या यायच्या. उसाच्या ट्रॅक्टरवालेसुद्धा यायचे, दोन ट्रॉल्या मागं आणि स्टेअरिंगजवळ हे मोठाले स्पीकर. "अण्णाचा बेस" म्हणायचे लोक. ऐकताना छाती हलते पण कान दुखत नाहीत, असं सगळे सांगायचे. हे ऐकून आमचे अण्णा खाली बघून स्क्रू ड्रायव्हर पुसत बसायचे, पण आतून इतके सुखावायचे की त्या दिवशी दोन भाकरी जास्त जायच्या.

ह्याच कामानं त्यांचे कान खाल्ले. तीस वर्षं बंद गाडीत बसून, दिवसाला चार-पाच गाड्या, काचा वर. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी झाली तरी हे पेपर वाचत बसायचे. मग निपाणीहून फोन आला की नातीशी दोन मिनिटं बोलायचे आणि "रेंज नाही" म्हणून फोन माझ्या हातात द्यायचे. रेंज चांगली असायची. त्या पोरीचा आवाज चिमणीसारखा, तो ह्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. पुढं हळूहळू जाड आवाजही गेले. मला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर मी बोलले नाही.

तसं आम्ही दोघंही बोललो नाही. त्याऐवजी गुडघा आला. आधी हे गाडी पुरी झाली की मला हाक मारायचे, "ये, बस, कसं वाटतंय सांग." गिऱ्हाईक जवळ असलं की मात्र बायकोला विचारलेलं बरं दिसत नाही. मग मी शिवण घेऊन आधीच मागं जाऊन बसायला लागले. काहीतरी चुकतंय असं वाटलं तर गुडघ्यानं सीटची पाठ एकदा दाबायची. आवाज टोचतोय असं वाटलं तर दोनदा. ठीक असेल तर काहीच करायचं नाही. हे ठरवून झालं नाही कधी. होत गेलं. गिऱ्हाइकाला वाटायचं, अण्णा डोळे मिटून ध्यान लावतात. अण्णा माझ्या गुडघ्याची वाट बघत असायचे. दाबला नाही, की डोळे उघडून म्हणायचे, "झालं. घेऊन जावा."

सहा-सात वर्षं असं चाललं, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. नाव ह्यांचं होत होतं, पण मागच्या सीटवर बसून मी मनातल्या मनात मिरवून घ्यायची.

मग उपाध्यांची गाडी आली त्या वर्षीचा जानेवारी उजाडला. उसाचा हंगाम, रस्त्याला नुसती रीघ. दुपारी हे समोरच्या टपरीवर चहाला निघाले आणि सांगलीकडून एसटी आली. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच येत होता. मी दुकानाच्या पायरीवरून ओरडले, टपरीवाला ओरडला, दोन माणसं हात करत होती. हे आपले खाली बघत शांत चाललेत. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून आईबापाचा उद्धार केला, आणि ह्यांना तोसुद्धा धड ऐकू आला नाही. हसून हात वर केला आणि चहाला गेले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, मिरजेला चला, कानाच्या डॉक्टरांना दाखवू, यंत्र मिळतं. हे म्हणाले, मला काय झालंय. मी म्हटलं, एसटी ऐकू आली नाही. म्हणाले, विचारात होतो. मग मी नातीचं काढलं, कुकरचं काढलं. काढायला नको होतं तेही काढलं. म्हटलं, गाडीत मी नसते तर काय केलं असतं? तेव्हा ते म्हणाले, "कानात यंत्र घातलेल्या माणसाकडं बेस करून घ्यायला कोण येईल, त्रिशला?"

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. तीन आठवडे आमचं हेच चाललं. मी विषय काढायचा, ह्यांनी ऐकू न आल्यासारखं करायचं, आणि त्यात कुठलं खरं आणि कुठलं सोंग हेही मला कळेना. रोज चहाच्या वेळेला हे रस्ता ओलांडायला निघाले की मी हातातलं टाकून मागं धावायची. त्याचाही त्यांना राग यायचा. लोक बघतात म्हणायचे.

उपाध्यांची गाडी आली ती ह्या दिवसांत. मागच्या सीटवर बसले तेव्हा सकाळचं भांडण अजून डोक्यात होतं. आणि ती उलटी वायर ऐकल्यावर माझ्या मनात आलं, की आज मी गप्प बसते. एकदा कळू दे ह्यांना. उपाध्ये माणूस भला आहे, परत येईल, सौम्य शब्दांत सांगेल, आणि हे आपणहून म्हणतील की चल मिरजेला. मला वाटलं, एका गाडीवर निभावेल. आणि रागही होता. नुसतीच काळजी होती असं म्हणायला मी काही देवाच्या गाभाऱ्यात बसलेली नाही.

ह्यांनी गाणं संपू दिलं. मग दुसरं लावलं. मला वाटतं, त्यांना कुठंतरी शंका आली असावी, कारण एरवी ते दुसरं गाणं लावत नसत. हात दारावरून काढला, परत ठेवला. मी दाभण कापडात घातलं आणि ओढून काढलं. गुडघा हलू दिला नाही.

"झालं," म्हणाले आणि दार उघडलं.

उपाध्ये बाहेर उभेच होते. किल्ली घेऊन, नमस्कार करून गेले. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत माझ्या तोंडाशी आलं होतं की थांबवा. संध्याकाळी जेवणाआधीही आलं. आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवतात, त्यामुळं घाईत ते राहिलं असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला उपाध्ये आले. दुकानात तेव्हा शिरोळचे दोघं भाऊ नव्या गाडीचं ठरवायला बसले होते, आणि एक ट्रॅक्टरवाला उभा होता. उपाध्ये खरंच सौम्य बोलले, पण हळू बोललेलं ह्यांना ऐकू जाईना. "काय म्हणता?" असं हे दोनदा म्हणाले. तेव्हा त्या बिचाऱ्याला आवाज चढवून सांगावं लागलं. त्यांची मुलगी कॉलेजातून आली होती, ती गाडीत बसल्याबरोबर म्हणाली बेस कुठाय. मग जवळच एका पोराच्या दुकानात दाखवली. त्यानं दार उघडलं, वायरी बदलल्या, पाच मिनिटांत काम झालं.

"दोन वायरी उलट्या होत्या, अण्णा," उपाध्ये म्हणाले. "होतं कधी कधी. तुमच्या कानावर जावं म्हणून आलो."

सगळं दुकान ऐकत होतं. ह्यांनी "माफ करा" म्हटलं, आत जाऊन पाणी आणून दिलं. त्या गाडीच्या वायरी कुणीतरी पूर्वी तोडून जोडलेल्या होत्या, रंगावर जाऊन चालणार नव्हतं. पेन्सिल सेल लावून बघायला हवं होतं. सेल लावला की स्पीकरचा पडदा बाहेर येतो का आत जातो त्यावरून प्लस कुठलं ते कळतं. तीस वर्षं हे दुसऱ्यांना शिकवत होते. तेवढं एकच आदल्या दिवशी घाईत राहून गेलं होतं. पण ते काही त्यांनी उपाध्यांना सांगितलं नाही. शिरोळचे भाऊ थोड्या वेळानं, बघून येतो म्हणून उठले. ट्रॅक्टरवाला तसाच गेला.

दुकान मोकळं झालं. हे स्टुलावर बसले. मी शिलाई मशीनपाशी उभी, आता बोलतील, आता ओरडतील म्हणून. ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते, आणि त्या भरात सगळं सांगूनही टाकलं असतं.

त्यांनी मला जवळ बोलावलं. विचारलं, "तुला काहीच जाणवलं नाही?"

मी तोंड उघडलं, पण ते थांबले नव्हते.

"तू गप्प होतीस, म्हणून मी म्हटलं बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझेपण कान गेले, त्रिशला. माझ्या हे लक्षातच आलं नाही. मी माझ्या कानांचं बघत बसलो आणि तुला रोज त्या बंद गाडीत बसवलं."

बघा, ह्याचा मी विचारच केला नव्हता. मी मुद्दाम गप्प बसेन हे त्या माणसाच्या डोक्यात येऊच शकत नव्हतं. माझा गुडघा हलला नाही म्हणजे मला ऐकू आलं नाही, ह्यापलीकडं दुसरं कारण त्यांना दिसत नव्हतं. स्टुलावर बसून, फडक्यानं डोळे पुसत, ते म्हणाले, "उद्याच मिरजेला जाऊ. तुझे कान दाखवू."

आणि मी गप्प बसले. पहिल्या दिवशीचं गप्प बसणं एक वेळ माफ होईल. हे दुसरं मला कधी माफ करता आलेलं नाही. मला एवढंच ऐकू आलं की हे मिरजेला यायला तयार झाले. तीन आठवडे जे मागत होते ते हातात आलं होतं. म्हटलं, आधी जाऊ तरी, तिथं गेल्यावर त्यांचेही तपासून घेऊ, मग सांगू सावकाश.

त्या दुपारी त्यांनी एकही गाडी घेतली नाही. चहालासुद्धा गेले नाहीत. माझ्यासाठी चहा घरून करून आणला आणि मोठ्यानं, तोंड माझ्या कानाजवळ आणून विचारलं, साखर बरोबर आहे का.

मिरजेच्या दवाखान्यात मी म्हटलं म्हणून त्यांनी दोघांची नावं लावली, पण माझं आधी. डॉक्टरांनी कानात दिवा घालून बघितलं आणि तपासणीच्या खोलीत पाठवलं. तिथं काचेची एक छोटी खोली असते. आत खुर्ची. डोक्याला हेडफोन लावतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर एक मुलगी यंत्रापाशी बसते आणि आपण बटण दाबलं की तिच्यासमोर एक दिवा लागतो. नातेवाइकांनी बाहेर बाकावर थांबायचं असतं, पण हे ऐकतायत कुठले. त्या मुलीच्या मागं जाऊन उभे राहिले, हात मागं बांधून. मला काचेतून ते सरळ समोर दिसत होते.

पहिला आवाज आला. बारीक, स्वच्छ. मी बटण दाबलं नाही.

खोटं का बोला, रात्री पडल्या पडल्या मी तसं ठरवलेलंच होतं. मला ऐकू येत नाही म्हणायचं. दोघांनाही यंत्र घेऊ. मग ह्यांना एकट्याला लाज वाटणार नाही, आणि मी काय केलं तेही कधी कळणार नाही. एका दगडात सगळे पक्षी पडत होते. दुसरा आवाज आला, तिसरा आला. त्या मुलीनं आवाज वाढवला असावा. आता तर तो कानात घुसत होता. मी हातातल्या बटणाकडं बघत राहिले.

मग वर बघितलं. हे त्या दिव्याकडं बघत होते. आवाज किती मोठा केलाय ते यंत्रावरच्या आकड्यावरून त्यांना समजत होतं. आकड्यांचं त्यांना काय सांगायला नको. आकडा चढत होता आणि दिवा लागत नव्हता. त्यांनी एकदा काचेतून माझ्याकडं बघितलं. सासरे वारले तेव्हासुद्धा मी ह्यांचा असा चेहरा बघितला नव्हता. मग ते भिंतीकडं वळले, आणि त्यांची पाठ हलताना मला दिसली.

मला ते सोसलं नाही. मी बटण दाबलं. त्या मुलीनं मान वर केली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि पहिल्यापासून सुरू केलं. ह्या वेळेला मी प्रत्येक आवाजाला दाबलं. बारीक, जाड, अगदी श्वासाएवढा हळू, सगळ्याला. दिवा लागत गेला. त्या मुलीनं ह्यांना काहीतरी सांगितलं असेल, किंवा भिंतीवर दिव्याचा उजेड दिसला असेल. हे वळले. आधी त्यांना पटेना. मग एकेका दिव्याला मान हलवायला लागले. त्यांचे ओठ हलत होते, मोजत होते बहुतेक. हसायला लागले. त्या मुलीच्या खांद्यावर थोपटलं, माझ्याकडं बोट करून तिला काहीतरी कौतुकानं सांगितलं. मी बाहेर आले नसते तर बरं, असं मला वाटत होतं. तेवढाच वेळ ते खुश राहिले असते.

पण माणूस तीस वर्षं वायरींच्या मागं फिरलेला होता. कुठली कुठं जाते हे शोधायची सवय होती. माझे कान चांगले आहेत, मग परवा गाडीत काय झालं, इथपर्यंत यायला त्यांना फार वेळ लागला नाही. मी काचेतून बघत असतानाच ते आले तिथपर्यंत. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण आता त्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. मान हलायची थांबली. शेवटचे चार-पाच दिवे लागले ते त्यांनी बघितलेच नाहीत.

बाहेर दवाखान्याच्या बोळात बाकावर आम्ही बसलो. माणसांची गर्दी होती, म्हाताऱ्या, लहान मुलं, एक शाळेच्या गणवेशातली मुलगी. ह्यांनी समोर बघत विचारलं, "त्या दिवशी ऐकू आलं होतं तुला?"

मी म्हटलं, आलं होतं.

"काय?"

"आलं होतं ऐकू," मी मोठ्यानं म्हटलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

मी हळू सांगायला गेले. असली गोष्ट माणूस हळूच सांगतो. त्यांनी कान पुढं केला, आणि तरी त्यांना ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा सांगितलं, इतक्या मोठ्यानं, की समोरच्या बाकावरची माणसं बोलायची थांबली.

"तुम्ही इथं यावं म्हणून."

आता ऐकू गेलं. ते माझ्याकडं बघत राहिले. रागावले नव्हते. रागावलेले मी खूपदा बघितलेत, तो चेहरा मला ओळखू येतो. त्यांनी समोर त्या तपासणीच्या दाराकडं बघितलं, एकदा सगळ्या बोळावरून नजर फिरवली, आणि म्हणाले, "मग आलो की."

आतून त्यांचं नाव पुकारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी सवयीनं त्यांच्या दंडाला धरून उठवायला गेले, तर त्यांनी हात सोडवून घेतला. झटकला नाही, सावकाश माझी बोटं बाजूला केली. दारात उभ्या असलेल्या मुलीच्या तोंडाकडं बघत, ती काय म्हणते ते ओठांवरून ओळखत, एकटे आत गेले. आत गेल्यावर खुर्ची वळवून घेतली आणि काचेकडं पाठ करून बसले. मी बाहेर उभी राहून दिव्याकडं बघत होते. बराच वेळ दिवा लागलाच नाही. अगदी शेवटी जाड आवाजांना दोन-तीनदा लागला.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. यंत्र त्यांनी त्याच महिन्यात घेतलं. रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतो. नातीचं बोलणं ऐकू येतं, दोघं तासतासभर फोनवर असतात. मी ज्यासाठी केलं ते सगळं झालं. स्पीकरचं काम त्यांनी पुन्हा घेतलं नाही. यंत्रातून बेस कळत नाही म्हणतात, आणि ते खरंही असेल. आता दुकानात नुसती सीट कव्हरं. हे कापून देतात, मी शिवते. वाकडं बोलणं नाही, अबोला नाही, काही नाही. फक्त काम करता करता मी जरा गप्प झाले, अगदी सुईत दोरा ओवण्यापुरतीसुद्धा, तर त्यांची कात्री थांबते, आणि मी काहीतरी बोलेपर्यंत हे माझ्या तोंडाकडं बघत राहतात.